सुटलेला फेर



कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धती यांखेरीज दुसरे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची खात्री असते. ती खात्री बहुतेक वेळा खरी ठरते. आज मात्र आम्ही नाचावर बोलणार आहोत. विषय कळला तेव्हा व्यवस्थापक मंडळींपैकी एकांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले, हे आम्ही लपवीत नाही.

नाच म्हणजे तिकीट लावून पाहण्याचा नाच आम्हांस अभिप्रेत नाही. चतुर्थीला घरोघरी खेळतात ती फुगडी, पौषात मांडावर होतात ते धालो, शिमग्याचे रोंबाट, ढोलाच्या तालावर आपोआप उचलले जाणारे पाऊल, एवढाच आमचा विषय. त्यातही लहान मुलांचा नाच नव्हे. लहान मूल नाचते, त्याला कोणी कारण विचारीत नाही. पुढे केव्हातरी ते नाचावयाचे थांबते, त्याचेही कारण कोणी विचारीत नाही. नोकरी लागल्याची तारीख माणसाला पाठ असते, लग्नाची तिथी पाठ असते, परंतु आपण शेवटचा फेर कोणत्या साली धरला हे सांगा म्हटले तर या मंडपातील शंभरातील नव्वद माणसे गप्प बसतील. हा सुटलेला फेर माणूस चाळिशी-पन्नाशीत पुन्हा धरू पाहतो तेव्हा त्याच्या आड काय काय येते, त्याचा हा विचार आहे.

प्रथम धालोविषयी थोडे सांगतो. कारण आमच्यासमोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी ते लांबूनच पाहिले असतील. पुरुषांनी तर लांबूनच पाहावयाचे असतात. सावंतवाडी, दोडामार्ग आणि सरहद्दीपलीकडे डिचोली, पेडणे, सत्तरी या सगळ्या पट्ट्यात हा खेळ एकच आहे. राज्यांची सीमा त्याच्या मधून गेली, तरी गाण्यांना कोठे तपासणी नाका लागला नाही. पौष महिन्याच्या थंडीत, कापणी-मळणी आटोपल्यावर, गावच्या किंवा वाडीच्या मांडावर रात्री बायका जमतात. मांड म्हणजे साधे अंगण नव्हे. ती राखलेली जागा. दिवा लागतो, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात, आणि एक रांग गात गात वाकून पुढे येते तेव्हा दुसरी मागे सरते. गाणे एका रांगेने म्हणावयाचे, दुसरीने उचलावयाचे. यात उडी नाही, गिरकी नाही, चापल्य नाही. परंतु एकट्या बाईला हा नाच करताच येत नाही. शेजारणीच्या कमरेला हात असल्याखेरीज धालो होत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. शेवटच्या रात्री सोंगे निघतात. एरव्ही चार माणसांत तोंड वर न करणारी बाई त्या रात्री घरातल्या पुरुषाची नक्कल अशी हुबेहूब करते की, ती त्याला वर्षभर किती बारकाईने पाहत होती हे त्याला कळले तर बरे, असे वाटावे.

फुगडीचे शास्त्र निराळे आहे. शास्त्र हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. दोघीजणी पावले जवळजवळ जुळवतात, हातांची अढी घालून एकमेकींचे हात धरतात आणि मागे झुकतात. त्या क्षणी दोघींपैकी एकही स्वतःच्या पायांवर उभी नसते. प्रत्येकीला दुसरीच्या वजनाने तोलून धरलेले असते. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर फिरण्याचा आस बरोबर मध्ये राहतो. एक भारी असेल तर आस तिच्याकडे सरकतो आणि हलकीला मोठे वर्तुळ कापावे लागते. भोवळ का येते? कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरू लागलो की तोही हळूहळू फिरू लागतो, आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, आणि मग डोक्याला वाटते की जगच फिरते आहे. आता गंमत पाहा. फुगडीत सगळे अंगण गरगरत असते, परंतु समोरच्या बाईचा चेहरा तेवढा जागचा हलत नाही, कारण ती आपल्याबरोबरच फिरत असते. जुन्या बायका सुनेला सांगत, खाली बघू नको, माझ्या तोंडाकडे बघ. कानातल्या नळ्यांचे पुस्तक त्यांनी वाचले नव्हते.

मग हे सारे सुटते कशाने? आमच्या धंद्याप्रमाणे आम्ही उत्तर प्रथम कामाच्या तासांत शोधतो. पाऊल थकलेले असेल तर ते उचलत नाही, हे सांगावयास पंडित नको. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी अग्रभागी होती. गिरणीमालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही लोखंड्यांनी पुढे केला होता, असे सांगतात. साहेबाला रविवार देवळासाठी हवा होता आणि आमच्या माणसाला जेजुरीच्या धन्यासाठी. सुटी दोघांची एकच झाली. आज रविवारी शेजारच्या राज्यातल्या कारखान्याची बस येत नाही म्हणून अंथरुणात लोळणाऱ्या आमच्या तरुणांना ही हकीगत ठाऊक नसते, त्याचा आम्हांस अधूनमधून राग येतो.

गिरणगावात कोकणचा माणूस दाटीवाटीने राहिला, पाळीप्रमाणे झोपला, पण ताल त्याने सोडला नाही. बाल्या नाच लालबाग-परळच्या गल्ल्यांत नाचला गेला तो त्यानेच. 1944 साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले ते याच वस्तीच्या जोरावर. तरीही चळवळीतल्या गंभीर मंडळींना नाचाचे नेहमीच वावडे राहिले, हे कबूल केले पाहिजे. एमा गोल्डमन या अमेरिकेतल्या बंडखोर बाईंनी 1931 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, त्या नाचत असता एका तरुण सहकाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन, हे क्रांतिकारकाला शोभत नाही, असे सुनावले. बाई त्याच्यावर चांगल्याच संतापल्या. असले सहकारी आम्हीही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले बरेचसे पुढे कंटाळून चळवळच सोडून गेले.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कसा गेला आणि त्यानंतर गिरण्यांच्या जागेवर काय उभे राहिले, हा दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज त्यातली एकच बाजू सांगतो. त्या संपाने कितीतरी पोक्त माणसे कोकणात परत आणून टाकली. वीस-पंचवीस वर्षे साच्यावर उभी राहिलेली ही माणसे गावी आली ती पराभव घेऊन. घरात त्यांचे काय करावे हे कोणाला कळत नव्हते, आणि शेतात त्यांना स्वतःला काही कळत नव्हते. अशा माणसांना शिमग्यात पुन्हा ढोल गळ्यात घेताना आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. गावच्या पोरांना ते हसण्यासारखे वाटे. पन्नाशीचा बाप्या, पाय चुकतो, दम लागतो. परंतु ढोलापाशी त्याला कोणी, आता तुमचे पुढे काय, असा प्रश्न करीत नव्हते. गावात अशी तेवढी एकच जागा उरली होती.

बाईचा फेर सुटतो तो निराळ्या रीतीने, आणि आजच्या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. आमच्या तालुक्यात काजू फोडण्याच्या आणि सोलण्याच्या कामावर प्रामुख्याने बायका आहेत. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जाते. तासन्‌तास बैठक असते. मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर, त्यामुळे नैसर्गिक विधीला उठले तरी तेवढे पैसे बुडतात. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा देऊ केली. परंतु ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसे कामावर दाखवली की ते कलम कारखान्याच्या दारातच अडत असे. अशाच एका कारखान्यात (नाव घेत नाही, कारण तेथे पुढची बोलणी व्हावयाची आहेत) चतुर्थीला पूर्वी दीड दिवसाची सुटी मिळे. दीड दिवसात मोदक करावयाचे, पाहुणा सांभाळावयाचा, विसर्जन करावयाचे. फुगडी कोणी आणि केव्हा घालावी? बायकांनी पाच दिवसांची मागणी केली, तीन आठवडे धरून ठेवली आणि मिळवली.

त्या चतुर्थीच्या तिसऱ्या रात्री आम्ही एका वाडीत गेलो होतो. खळ्यात फुगड्या रंगल्या होत्या. मागणीच्या वेळी मालकासमोर सर्वांत पुढे उभ्या असलेल्या काकी मात्र भिंतीला टेकून टाळ्यांनी ताल धरून बसल्या होत्या. आम्ही सहज विचारले, "काकी, तुमी खेळणास नाय?" त्या म्हणाल्या, "रजा गावली ओ भाऊ, पण माका फेरात कोण घेतला?"

त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्या दिवसापासून फुगडी नाही, धालो नाही, पहिली ओटी नाही. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊस पडतो तसे सांगितले. आता पाहा, कारखान्यात एखाद्या बाईला ती विधवा आहे म्हणून कामावरून बसवले तर आम्ही दुसऱ्या दिवशी फाटक बंद करू. येथे फाटकही नव्हते आणि मालकही नव्हता. तिच्याबरोबर घोषणा देणाऱ्या बायकाच फेर धरून उभ्या होत्या. अशा वेळी निवेदन कोणाला द्यावयाचे?

धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकले, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. विधवेने शिकावे, पायांवर उभे राहावे, पुनर्विवाह करावा, येथपर्यंत महाराष्ट्र भांडत भांडत आला. परंतु तिने आनंदाने नाचावे, हा प्रश्न सुधारणेच्या यादीत फार वर गेला नाही. कदाचित तो क्षुल्लक वाटला असेल. आम्हांस तो क्षुल्लक वाटत नाही. भाकरीचा हक्क मान्य करणे एक वेळ सोपे असते, कारण भाकरी कोपऱ्यात बसूनही खाता येते. फेर सर्वांच्या मधोमध असतो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव उत्तम होता. आम्ही तो वाडीवर वाचूनही दाखवला. एकजण म्हणाली, कुंकू मी माझ्या हाताने लावीन, त्याला कोणाची परवानगी नको; पण फुगडीला दुसरीचा हात लागतो. धालोला कमर लागते, हे आम्ही मघाशी सांगितले ते यासाठी. ठरावाने स्वतःपुरती मोकळीक मिळते. दुसरीने हात पुढे करावा हे ठरावाने घडत नाही.

मग ते घडले कसे? सुधारणेच्या भाषणाने घडले नाही. त्या वाडीत धालोची गाणी सुरू करून देणारी एक वृद्ध बाई आहे. तिने पाहिले की तरुण सुनांना दोन-दोन कडव्यांपलीकडे गाणे येत नाही, आणि काकींना रात्र पुरून उरेल इतकी गाणी येतात. पुढच्या वर्षी फुगडीच्या वेळी कोणी कुरकुरू लागली तेव्हा म्हातारी एवढेच म्हणाली, "तिका गाणी येतत. तुमका येतत काय? मगे?" आणि स्वतःच काकींचा हात धरून उठली. म्हातारी सत्तरीच्या पुढची, सवाशीण. तिने चार फेरे घेतले आणि बसली. त्यानंतर काकींबरोबर कोणी खेळावे यावरून मुलींत भांडणे लागली. खळ्यातला प्रश्न असा सुटला. मांडावरचा सुटलेला नाही. खळे घरचे असते, मांड गावचा असतो. तेथे मानकरी आहेत, देवाचे विचारणे आहे, आणि ज्या बायका खळ्यात हात देतात त्यांतल्याच काही मांडावर डोळे चुकवतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही आधीच मांडतो, कारण तो खोटा नाही. नाचापासून सुटका हीच कित्येकांची मुक्ती होती. आपल्या शेजारच्या गोमंतकात देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटित होऊन, गोमंतक मराठा समाज हे नाव घेऊन, ती सेवा सोडली. मुलींना शेज लावण्याची चाल मोडली, शाळा धरली. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध 1934 साली कायदा झाला. ज्या बाईच्या आजीला नाच हे वेठीचे काम होते, तिला, 'चला, पुन्हा नाचू या', असे सांगावयास आम्ही धजणार नाही. दुसरी बाजूही पाहा. महाराष्ट्रात 2005 साली मद्यालयांतला नाच कायद्याने बंद झाला. तेथे नाचून घर चालवणाऱ्या बायकांनी संघटना करून आपली रोजी मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे नाच सोडावयाचा की धरावयाचा हे बाहेरच्याने ठरवू नये. नाच मजुरी असेल तर त्याला मजुरीचे नियम लावा, वेठ असेल तर मोडा, आणि विसावा असेल तर त्याच्यासाठी वेळ व जागा मागा. एकाच शब्दाखाली या तिन्ही गोष्टी ढकलल्या की घोटाळा होतो.

पोक्त वयात हे जमते का, असे विचारणाऱ्यांसाठी दोन हकीगती. जपानात काझुओ ओनो नावाचे गृहस्थ होते, जन्म 1906. मुलींच्या शाळेत कसरत शिकवीत. 1929 साली त्यांनी एका स्पॅनिश नर्तकीचा नाच पाहिला आणि त्यांना वेड लागले. पुढे लष्करात भरती झाली, नऊ वर्षे त्यात गेली, युद्धकैदी झाले. स्वतःचा पहिला कार्यक्रम केला तेव्हा वय त्रेचाळीस. त्या स्पॅनिश बाईच्या स्मरणार्थ नाच बसवला 1977 साली, एकाहत्तराव्या वर्षी, आणि जग त्यांना ओळखू लागले ते त्यानंतर. दुसरी हकीगत सुधा चंद्रन यांची आपणांस ठाऊक आहे. 1981 च्या अपघातात पाय गेला, जयपूरचा पाय बसवून 1984 साली त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. तो पाय ज्यांच्या हातून घडला ते रामचंद्र शर्मा हे फारसे शिक्षण न झालेले कारागीर होते. डॉक्टर प्रमोद करण सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले. परंतु कारागिराचे नाव सांगितल्याखेरीज आम्ही ही गोष्ट सांगत नसतो.

डॉक्टर लोकांचाही एक दाखला आहे. न्यू यॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या 469 माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पत्ते, वाद्य यांबरोबर, शरीरश्रमाच्या प्रकारांपैकी एकट्या नाचाचा संबंध बुद्धिभ्रंश कमी असण्याशी आढळला. मात्र यावरून नाच हे औषध आहे असे कोणी विकू लागला तर विकत घेऊ नका. ज्यांचे डोके आधीच ढासळू लागले ते नाच आधी सोडत असतील, असेही असू शकेल. शिवाय औषध म्हणून खेळलेली फुगडी फार काळ टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

गुडघ्याची गोष्ट मात्र खरी आहे. दिवसभर उकिडवे बसून काजू फोडणाऱ्या बाईने पहिल्याच रात्री बसफुगडी घालू नये. उभी फुगडी, हळू, आपल्या वजनाची जोडीदारीण पाहून. ओल्या लादीवर मुळीच नको. घरोघर अंगणात गुळगुळीत लाद्या आल्या आहेत, दिसायला सुरेख आहेत, आणि त्यांवर मोडलेली मनगटे आम्ही पाहिली आहेत. सारवलेली जमीन पावलाला धरून ठेवते. रात्री मांडावर जाण्याचाही प्रश्न आहे. 2002 सालापासून कर्नाटकातून तिलारी खोऱ्यात हत्ती उतरू लागले; माडबागांची नासाडी सर्वांना दिसते, पण अंधार पडल्यावर बायका एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाईनाशा झाल्या, हे नुकसान पंचनाम्यात येत नाही. तिलारी धरणाखाली आयनोडे, सरगवे, पाट्ये ही गावे गेली, तेव्हा घरे मोजली, झाडे मोजली. रांगा धरण्याची राखलेली जागा मोजावयाला सरकारी तक्त्यात रकाना कोठे असतो?

आता पुढचे काम. चतुर्थीची पाच दिवसांची सुटी आणखी कारखान्यांत मिळवावयाची आहे. त्याची बोलणी चालू आहेत. मांडाच्या वाटेवर दिवे लावावेत, असा अर्ज ग्रामपंचायतींना द्यावयाचा आहे. त्यावर सह्या पाहिजेत. आणि पौषाच्या आधी वाडीवाडीत बायकांच्या बैठका घ्यावयाच्या आहेत. त्या बैठकांत आम्ही पुरुष बोलणार नाही. त्या म्हातारीने आणि काकींनी येण्याचे कबूल केले आहे. ज्या भगिनींना आपल्या वाडीत अशी बैठक हवी असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूला थांबावे. चहा ठेवला आहे, आणि वही त्यांच्यापैकीच एकीकडे आहे.